मिठागरवालीचे डोळे

"श्वास धर, पोरी. धरलास? आता सोडू नको. सोडलास का देवाचा डोला हालला समज."

नाथाकाकांचा हा आवाज किमयाच्या कानात पडला तेव्हा ती आठ वर्षांची होती. पेणच्या त्या आळीत मूर्तीचं अंग करणारे पुष्कळ होते, रंग देणारे त्याहून जास्त. पण डोळ्यांची आखणी करणारे मोजकेच, आणि त्यांत नाथाकाका सगळ्यांत जुने. हात थरथरायचा, पण ब्रश टेकला की थरथर कुठे जायची कोण जाणे! आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे, जशी आई लेकराला घास भरवताना तीच गोष्ट सांगते तशी. "देव बसतो पाटावर, मानूस बसतो खाली. म्हनून देवाची नजर कवा पन खाली उतरलेली पायजे. मायेनं उतरलेली. पाट किती उंच हाय ते आदी इचारायचा, मंग बुबुल ठेवायचा."

नाथाकाका जाऊन दहा वर्षं झाली. किमया चोवीस वर्षांची झाली. ब्रश त्यांच्याच हातचा असल्यासारखा चालायचा तिचा.

डिसेंबरातली दुपार होती. कारखान्यात पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या रांगा वाळत होत्या, वडील काळुराम गोदामात गेले होते, आणि किमया एका मूर्तीच्या उजव्या डोळ्यात बुबुळ ठेवत होती. श्वास धरलेला. तेवढ्यात दारात कुणाची तरी सावली पडली.

"काळुरामशेठ आहेत का?"

किमया बोलली नाही. बोलणार कशी! सावलीनं पुन्हा तोंड उघडलं... आणि मिटलं. एकदम शांत झाली सावली. किमयानं काळी रेघ पापणीच्या कोपऱ्यापर्यंत नेली, ब्रश उचलला आणि हुश्श करून श्वास सोडला.

दारातूनही हुश्श आलं. तेवढंच मोठं.

तिनं वळून बघितलं. उंच, सावळा, खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी, आणि चेहरा लाल झालेला.

"तुम्ही कशाला श्वास धरलात?"

"तुम्ही धरलात म्हणून," तो म्हणाला. "मला वाटलं, इथं तशी पद्धत असेल."

किमयाला हसू आवरेना. ओढणी तोंडाला लावून ती हसली, आणि ओढणीला लागलेला तपकिरी रंग गालावर उमटला. त्यानं तो बघितला. सांगितलं मात्र नाही.

त्याचं नाव निकेश. रोहा तालुक्यातल्या खांबचा. रोह्याच्या कॉलेजात शिकला, मग पुण्याला जाऊन बागा कशा करायच्या ते शिकून आला. आळीच्या टोकाला एक बाग होती — बाग म्हणायची आपली. एक गंजलेली घसरगुंडी, कारंज्याचं कोरडं टाकं, आणि कारखान्यांतले फुटके साचे टाकायची सगळ्यांची हक्काची जागा. तीच आता त्याच्या हातून नव्यानं होणार होती. कंपाउंडच्या भिंतीवर चित्रं, फुटक्या साच्यांचे तुकडे बसवून केलेली वाट, आणि आळीतल्या प्रत्येक कारखान्यानं दिलेलं एकेक काम. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. काळुरामच्या वाट्याला आली होती मिठागरात राबणारी बाई. माणसाएवढी, फायबरची, दमून जरा टेकलेली, टोपली बाजूला ठेवलेली.

"रंगीत करणार ना?" निकेशनं विचारलं.

"पेणची मूर्ती बिनरंगाची? बाबा जेवायचे नाहीत." मग किमयानं जरा थांबून विचारलं, "हिचं... विसर्जन नाही ना व्हायचं?"

तो हसणार होता. पण तिच्या तोंडाकडे बघून हसला नाही.

"नाही. ही राहणार. तुम्ही म्हाताऱ्या होऊन काठी टेकत आलात ना, तरी ही बसलेली असेल."

किमयानं मान खाली घातली. हंगामाला हजारभर जोड्या डोळे काढायची ती. दीड दिवसात, पाच दिवसांत, दहा दिवसांत सगळे पाण्यात. तिच्या हातचं असं एकही काम नव्हतं की वर्षानं जाऊन बघावं आणि म्हणावं, हे मी केलं. आता एक जोडी राहणार होती. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. डोळ्यांपायी की डोळ्यांपुढून हलेना अशा त्या लाल चेहऱ्यापायी, ते काही तिला ठरवता आलं नाही.

जानेवारी लागला. सकाळी आळीवर धुकं उतरायचं, वाळत घातलेल्या मूर्ती त्यात बुडून जायच्या. मिठागरवाली टेम्पोतून बागेत गेली. गेटजवळ चार फुटांचा चौथरा बांधला होता, त्यावर बसली. किमयानं चौथऱ्याची उंची विचारली, स्टुलावर चढली, आणि दोन श्वासांत दोन डोळे काढून खाली उतरली.

निकेश समोर उभा होता. मूर्तीकडे बघत, मग हिच्याकडे बघत, मग परत मूर्तीकडे.

"छान... म्हणजे... डोळे फार सुंदर आहेत."

"कुणाचे?" किमयाच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिचे कानच तापले.

"तिचे," तो म्हणाला. मग घाईनं, "तिचेच म्हणतोय मी."

पण हे म्हणताना तो मूर्तीकडे बघत नव्हता. मग पुन्हा तोंड उघडलं त्यानं, काहीतरी आणखी होतं ओठांवर — आणि मिटलं.

तिसऱ्या दिवशी फोन. "मूर्ती हलवतोय. इथं सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं, रंग उडेल. टाक्याजवळ ठेवतो. दोन फुटांवर."

किमया धावत गेली. "दोन फूट? अहो, ते चार फुटांचे डोळे आहेत!"

"डोळ्यांना पण फूट असतात?"

"असतात. आता ती लोकांच्या पोटाकडे बघत बसेल."

"मग पुसून परत..."

"पुसून कसले! घासावे लागतात. पॉलिशपेपरनं."

"म्हणजे तुम्हाला परत यावं लागेल," निकेश म्हणाला. वाईट वाटल्यासारखं म्हणाला, पण ते पुरतं वाईट काही दिसलं नाही.

डोळे घासायचा आवाज फार वाईट. खरखर खरखर, आपल्याच पापणीवरून कुणी फिरवतंय असा. किमयानं ते केलं, परत आखले, आणि रंग ओला असतानाच निकेशला गवतावरचे फवारे सुरू करून बघायची बुद्धी झाली! नळ उघडला आणि बागभर पाणी उडालं. जानेवारीच्या थंडीत, वर निळं आभाळ, आणि खाली हे भिजणं. किमयानं ओढणी ओढली ती मूर्तीच्या तोंडावर धरली आणि स्वतः चिंब झाली. निकेश नळ बंद करून धावत आला, तोही चिंब.

"तिला झाकलंत. स्वतःला नाही?"

"तिचा रंग ओला आहे. माझा कुठं उडणार आहे!"

"उडालाय की," तो म्हणाला. "इथं. गालावर. पहिल्या दिवशी पण होता, तेव्हा सांगितलं नाही."

त्याचं बोट उठलं. तिच्या गालाच्या वीतभर अलीकडे येऊन थबकलं. केसांतून पाण्याचा थेंब निघाला, कपाळावरून, भुवईवरून... आणि त्या बोटाचा काही निर्णय होईना. मग त्यानं खिशातून रुमाल काढून पुढे केला. तोही ओलाच.

आता याला काय म्हणायचं? घरी जाताना किमया विचार करत होती. बोट आलं तर यावं, नाहीतर येऊच नये. हे मधेच थांबणारं बोट घेऊन माणसानं काय करावं!

चार दिवसांनी पुन्हा फोन. टाक्याजवळून पाण्याचा पाइप जातो, मूर्ती भिंतीजवळ न्यावी लागेल, दीड फुटावर. पुन्हा घासणं, पुन्हा आखणं. निकेश तिच्यासाठी घरच्या वालाच्या कोवळ्या शेंगा घेऊन आला. ती चिडून म्हणाली, "शेंगांनी डोळे आखता येत नाहीत," आणि सगळ्या शेंगा घरी नेल्या.

गिरजाबाई, तिची आत्या, ओट्यावर बसून त्या सोलत होती. वीस वर्षं मिठागरात मीठ ओढलेली बाई, तळहात अजून खरबरीत.

"काय गो, त्या तुज्या बाईला पाय फुटलं काय? आज हितं, उद्या तितं?"

"मला काय विचारतेस, त्याला विचार."

"त्याला काय इचारायचा! बागेत रोपटी लावतंय, का आनखी काय लावतंय, ते दिसतंय की." आणि म्हातारीनं शेंग फोडता फोडता सूर धरला —

"पानी आटला खाडीचा, मीठ पिकला वाफ्यान,
काय पिकला गो पोरी तुज्या मुक्या ओठान?"

"आत्या, पुरे!"

"मी कुठं काय म्हटला? गाना हाय."

तिसऱ्या जागेवर एक नवलाची गोष्ट सुरू झाली. बाग अजून उघडलीही नव्हती, पण भिंतीला एक फट होती, तिच्यातून येणारे जाणारे डोकवायचे, कुणी आतही शिरायचे. एक दिवस किमयाला मूर्तीच्या पायाशी झेंडूचं फूल दिसलं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू. पलीकडच्या रस्त्यावरून जाणारा रिक्षावाला हात छातीला लावून जायचा. कामावरचे गवंडीसुद्धा तिच्यासमोरून जाताना चपला काढायला लागले.

किमयाचा ऊर भरून आला. "पाया पडतायत लोक!" ती निकेशला म्हणाली. "माझ्या डोळ्यांच्या."

"हो. बघतोय मी."

"मग तोंड असं का केलंय?"

"कसं?"

"आजारी पडल्यासारखं."

तो फुलं उचलत होता, एक एक, हळू. "किमया..." पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं त्यानं. ती थांबली. छातीत काहीतरी घुमायला लागलं, लांबून ढोल यावा तसं. "काही नाही," तो म्हणाला. "रोपांना पाणी घालायचंय."

आणि उद्घाटनाला चार दिवस राहिले असताना मोबाइलवर मेसेज आला. 'मूर्ती परत हलवावी लागेल. शेवटची. चिंचेखालच्या बाकावर. या ना.'

या ना म्हणे!

किमया सरळ महिपती गुरुजींच्या घरी गेली. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बागेच्या समितीचे अध्यक्ष. "गुरुजी, तुम्ही लोक एकदा ठरवा. किती वेळा डोळे घासू मी?"

गुरुजींनी चष्मा वर केला. "आम्ही? आम्ही गेटजवळचा चौथरा सांगितला, तेवढाच. नंतर एकदाही हलवा म्हटलं नाही. निकेशच येतो दर चार दिवसांनी, म्हणतो, गुरुजी, अजून एकदा बघू द्या. मला वाटलं तुझीच काही अडचण असेल."

ती बाहेर आली तेव्हा तिचे पाय रस्त्यावर होते पण रस्ता कुठला ते कळत नव्हतं. ऊन, पाइप — सगळी थापेबाजी! म्हणजे... मला बोलवायला? नुसतं मला बोलवायला? मनात एक गोड कळ उठली, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, तिखट. माझे डोळे होते ते. आयुष्यात एकदा राहणार म्हणून काढलेले. त्यांचा ह्यानं खेळ केला? हसू की रडू, तेच समजेना. शेवटी तिनं दोन्ही राखून ठेवलं आणि एसटी पकडली. रविवार होता, निकेश गावी गेला होता.

वडखळ गेलं, नागोठणं गेलं. खिडकीबाहेर कापलेली भाताची शेतं आणि त्यात वालाची जांभळी पांढरी फुलं. खांबला उतरून तिनं विचारत विचारत शेत गाठलं तेव्हा उन्हं कलली होती. बांधाजवळ पेंढ्याचा जाळ धडधडत होता, जाळात मडकं उपडं घातलेलं. पोपटी लावली होती. मडक्यात भाजत असलेल्या वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, ओवा — वाऱ्यावर तो वास. निकेशचे हात राखेनं माखले होते. तिला बघून तो उठला, आणि हातांचं काय करायचं ते न सुचून पाठीमागे लपवले.

"तुम्ही... इथं?"

"मूर्ती समितीनं हलवली नाही. तुम्ही हलवलीत."

तो बांधाच्या पलीकडे चार पावलं गेला. तीही गेली.

"हो," तो म्हणाला.

"का?"

जाळ तडतडला. मग एकदम, कुणीतरी ढकलल्यासारखा बोलला. "ती देव झालीये, किमया. तिनं मीठ ओढलंय असं वाटतच नाही. बाई परवा आली एक, ओटी भरली तिची, आणि पाठ नको दाखवायला म्हणून उलट्या पावलांनी गेली. बाकावर कुणी बसत नाही. मजूर बिडी ओढायला बाहेर जातात. गवंड्याची पोरगी घसरगुंडीवर गेली तर तिची आई म्हणाली, ओरडू नको, देवी बघतेय. मी बाग करायला आलो होतो... देऊळ झालं."

किमयानं बांधावरची एक काटकी उचलली आणि मोडली.

"मला वाटलं, जागा चुकतेय," तो म्हणाला. "खाली आणली, वळवली, बाजूला नेली. प्रत्येक वेळी तुम्ही उंची विचारलीत, आणि प्रत्येक वेळी ती नजर समोरच्याच्या डोक्यावर आशीर्वादासारखी उतरली. तुमचं काही चुकत नव्हतं. तोच तर घोळ झाला."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"मी? खांबचा वाल पिकवणारा? पेणच्या आखणीवालीला सांगू, की डोळे बदला? तुम्ही एवढ्या आनंदानं खाली उतरलात त्या स्टुलावरून... मला वाटलं, हे मी बोललो तर तुम्ही परत माझ्याशी बोलणार नाही. आणि..."

"आणि काय?"

"आणि... काही नाही."

"मडका उघडतोय रे!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. निकेशनं पानात गरम शेंगा आणून तिच्या हातात दिल्या. तिची बोटं भाजली, पण तिनं पान सोडलं नाही.

"सव्वीस तारखेनंतर मी नाशिकला चाललोय," तो राखेकडे बघत म्हणाला. "दुसरी बाग आहे. मग तुम्हाला असा त्रास नाही द्यायचो."

परतीच्या एसटीत मांडीवर शेंगा गरम होत्या, आणि किमया त्यांच्याकडे बघत बसली होती. तो खरं बोलला होता. याचा राग यायला हवा होता, तो आलाच नाही. राग आला तो त्या 'काही नाही'चा. तीन अक्षरी माणूस, आणि 'काही नाही' एवढं मोठं कसं काय असू शकतं?

मग तीन दिवस तिच्यासारखं कुणी हैराण नसेल. चिंचेखाली, बाकाच्या एका टोकाला बसवलेल्या मिठागरवालीला तोंड होतं, डोळे नव्हते; ते तिनं पुन्हा घासून टाकले होते. किमया कागदावर आखायची, फेकायची. हात टेकला की पापणी अर्धी मिटायची, बुबुळ खाली सरकायचं. सोळा वर्षांची सवय. माणसाचा डोळा कसा असतो तेच तिला येत नव्हतं. आणि मग कळलं, ती माणसांकडे कधी नीट बघायचीच नाही. बोलतानाही नजर कुठंतरी हनुवटीवर, गळ्याशी. देवांचे हजार डोळे, आणि माणसाचा एक नाही.

"आत्या, समोर बस. मला बघू दे."

गिरजाबाई बसली, आणि पाच मिनिटांत पेंगायला लागली. किमयानं हलवली तेव्हा म्हणाली, "काय बगतंस गो? मिठागरात डोले असं नसतात. उन्हात मीठ चमकायचा, आमी डोले बारीक करायचो. आनि बगायचो पलीकडच्या वाफ्यातल्या बाईकडं, सरळ. तिनं किती ओढला, आपन किती ओढला. दमली का, हसतंय का. खाली कोन बगतोय! खाली बगायला येळ कुनाला!"

सरळ. हा शब्द घेऊन किमया झोपली आणि तोच घेऊन उठली.

पंचवीस तारखेच्या सकाळी ती बागेत गेली. दंव पडलं होतं, साच्यांच्या वाटेवर कुठं एक मातीचा कान, कुठं सोंडेचा वळसा ओला चमकत होता. निकेश रोपांच्या पाट्या लावत होता. तिला बघून उभा राहिला.

"बसा," ती म्हणाली.

"कुठं?"

"तिच्यासमोर. त्या दगडावर. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. पाइपांचं बोला."

तो बसला, आणि बोलायला लागला. नाशिकची जमीन कशी काळी, तिथं थंडी किती, गुलाब कसे धरतात. किमया बाकावर मूर्तीच्या बाजूला बसली. ब्रश हातात, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं एका माणसाच्या डोळ्यांत सरळ बघितलं. बापरे! किती काय असतं तिथं. बुबुळाच्या कडेला तपकिरी पिंगट, डाव्या पापणीला एक जुना व्रण, झोप न झाल्याची लाली. आणि ते डोळे नुसते बघत नव्हते, ते विचारत होते. त्यांना काहीतरी हवं होतं आणि मागायची भीती वाटत होती. देवाच्या डोळ्याला कधी काही हवं नसतं. त्याला फक्त द्यायचं असतं.

निकेशचं बोलणं गुलाबांवरून अडखळलं. "किमया, तुम्ही असं बघितलंत तर मला..."

"बोलत राहा म्हटलं ना."

तिनं पापणी जराशी चुणली, उन्हामुळं चुणते तशी. बुबुळ सरळ ठेवलं. समोरच्या माणसाच्या बरोबर उंचीवर. एक डोळा दुसऱ्यापेक्षा केसभर लहान झाला, तो तिनं तसाच राहू दिला.

ब्रश खाली ठेवेपर्यंत उन्हं चिंचेतून खाली आली होती. बघायचं कुणी, आणि सांगायचं कुणी, की जमलं की नाही?

गेट आज सजावटीसाठी उघडं होतं. तिथून एक बाई आत आली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, पदर खोचलेला, बाजारातून येऊन एसटीची वाट बघायला सावली शोधत असलेली. किमयानं बोटं आवळली. बाई चिंचेखाली आली. मिठागरवालीकडे बघितलं. थांबली.

आता हात जोडेल, किमयाला वाटलं. आता चपला काढेल.

"सर गो बाय जरा," बाई म्हणाली.

मिठागरवाली सरली नाही. बाईनं पुन्हा बघितलं, वाकून बघितलं, आणि मग तिला असं हसू फुटलं की पिशवीतला कांदा घरंगळत गेला. "अगो बाय माजे! जिती हाय वाटला मला!" तिनं मूर्तीच्या मांडीवर एक थाप मारली, शेजारी टेकली, चपला काढून आपल्याच टाचा चोळायला लागली, आणि ऊन किती झालंय ते मिठागरवालीला सांगायला लागली.

किमयाला रडू आलं. डोळे पुसायला गेली तर हाताचा काळा रंग गालभर. निकेशनं तो बघितला, या वेळी बोट मधे थांबलं नाही, पण पुसण्याऐवजी ते कांदा उचलायला खाली गेलं. कांदा त्यानं बाईला दिला. मग हात झाडले.

"झालं," तो म्हणाला. "आता हलवायची नाही कुठं. ही राहिली." आणि पाट्यांची पिशवी खांद्याला लावली. "येतो मी. गेटवर दिवे लावायचेत. उद्या गडबडीत भेट होईल, न होईल..."

चार पावलं गेला. पाचवं उचललं.

"थांबा!"

तो वळला. बाकावरची बाई टाच चोळायची थांबली.

किमया उठून उभी राहिली. नजर नेहमीप्रमाणे त्याच्या हनुवटीकडे निघाली होती, तिनं ती वर आणली.

"खांबला तुम्ही 'काही नाही' म्हणालात. ते तुमचं. सांगा, नका सांगू. माझं मी सांगते." तिनं काळा हात ओढणीला पुसला. "मूर्ती हलवायचीये असा तुमचा फोन यायचा ना... मी आत्याजवळ तुम्हाला शिव्या घालायचे. घासताना पण घालायचे. आणि फोन यायच्या आधीच, आदल्या संध्याकाळी, ब्रश धुऊन पिशवीत भरून ठेवलेले असायचे माझे. आज आला नाही तर उद्या येईल म्हणून. मला हवंच होतं तिनं एका जागी बसू नये. आता ती बसली. आता तुम्ही मला बोलवायचं कशासाठी, आणि मी यायचं कशासाठी? तीन दिवस हाच विचार करतेय मी. आणि आता... आता मला निमित्त नकोच आहे, निकेश. मला तू हवायस."